शेकडा साडेतीन

काल रात्री "ताई, एक विचारायचं होतं" असं म्हणून तू दहा मिनिटं नुसतं पावसापाण्याचंच बोलत राहिलीस ना, तेव्हाच मी ओळखलं की गोष्ट पैशाची आहे. आपल्याकडच्या बायका दुखणं सांगतात, सासूचं सांगतात, नवऱ्याचं घोरणंसुद्धा सांगतात. कर्जाचं मात्र ओठाशी आणून परत गिळतात. शेवटी फोन ठेवता ठेवता बोललीस. पुण्यात नोकरीला होतीस तेव्हा घेतलेलं क्रेडिट कार्ड. लॉकडाऊनमध्ये कामरगावला परत आलात, ते दिवस त्याच्यावरच निघाले. मग बाळंतपणातलं अमरावतीच्या दवाखान्याचं बिल. आता आकडा ऐंशी हजारांवर येऊन बसलाय, तू दर महिन्याला चार हजार भरतेस आणि तो जागचा हलत नाही. घरात पुरता आकडा कुणालाच ठाऊक नाही.

बरं. आधी घोटभर पाणी पी. तू कुणाचं लुबाडलेलं नाहीस, जुगारात घालवलेलं नाहीस. आणि बघ, मी तुझ्यापेक्षा मोठी आहे ती फक्त वयानं नाही, या बाबतीतल्या मूर्खपणातही मोठीच आहे.

माझ्या कार्डाची बिलं मी ज्वारीच्या कणगीमागे लपवायची. तेव्हा बिल कागदावर घरी यायचं. मला वाटायचं, तिथे कोण जातंय? एक दिवस मांजरीची पिल्लं शोधत सासूबाई गेल्या आणि पिल्लांऐवजी अकरा महिन्यांची बिलं घेऊन बाहेर आल्या. चौथीपर्यंत शिकलेली बाई. रागावल्या नाहीत. चष्मा लावून कागद उलटासुलटा केला आणि एवढंच विचारलं, "काहून वं, हे शेकडा किती पडते?"

मी म्हटलं, साडेतीन.

"एवढं त सावकारबी घेत नाही वं माय!"

खरं सांगू का, तोवर मी तो हिशेब असा मांडलाच नव्हता. आपण गावात व्याज शेकड्यानंच बोलतो. शंभराला महिन्याला दोन रुपये, म्हणजे शेकडा दोन. शेकडा तीन घेणाऱ्याला आपण रक्तपिपासू म्हणतो. पण कार्डाच्या कागदावर साडेतीन टक्के वाचून मला वाटलं होतं, वा, हे तर एफडीच्या व्याजापेक्षाही कमी! ते साडेतीन महिन्याचे होते गं. सालाचे बेचाळीस. आजही कितीतरी कार्डांचा दर शेकडा साडेतीन ते पावणेचारच्या घरात असतो.

आणि सासूबाई अगदी बरोबर बोलल्या होत्या. आपल्या राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना असलेल्या सावकाराला शेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर सालाला १२ टक्के आणि बाकीच्यांच्या तशाच कर्जावर १८ टक्के, यापेक्षा जास्त घेता येत नाही. अठरा म्हणजे शेकडा दीड. वर व्याजाची रक्कम मुद्दलाच्या पुढे जाऊ द्यायची नाही, ही जुनी दामदुपटीची मर्यादा त्या कायद्यातही आहे. बँकेच्या कार्डाला यातलं काहीच लागू होत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं की कार्डावर तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणं अनुचित आहे. तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा वरून कुणी दर उतरवून देईल म्हणून वाट बघत बसू नकोस. तो आपला आपणच उतरवायचा.

आता बाळाला झोपवलं असशील तर वही घे. ऐंशी हजारांवर शेकडा साडेतीननं महिन्याचं व्याज झालं २,८००. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ते ५०४. झाले ३,३०४. तू भरलेस चार हजार. मुद्दलात गेले किती? ६९६ रुपये! वर्षभर असं भरलंस की ४८,००० तुझ्या हातून जातात आणि कर्ज उतरतं जेमतेम साडेदहा हजारांनी. याच चालीनं, कार्डावर नवा एक रुपयाही न घालता, फिटायला त्रेचाळीस-चव्वेचाळीस महिने लागतील आणि एकूण भरशील पावणेदोन लाखांच्या आसपास. 'मिनिमम ड्यू' भरलं की आपलं काम झालं असं वाटतं ना? ते भरल्यानं फक्त उशिराचा दंड टळतो, कर्ज तिथेच राहतं. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेडायला महिनेच नव्हे, वर्षं लागतील, अशी सूचना बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेनं लावलंय. पण ती कोण वाचतं! मी त्याच बिलांमागे किराण्याच्या याद्या करायचे.

आता हेच ऐंशी हजार सालाला चौदा टक्क्यांच्या कर्जात नेले असं धर. दोन वर्षांचा हप्ता बसतो ३,८४१ रुपये. पुन्हा वाच. तू आज भरतेस त्यापेक्षा कमी, आणि चोविसाव्या महिन्यात खातं बंद. एकूण व्याज बारा हजारांच्या आसपास. म्हणजे तुझी भरायची ताकद कमी नाहीये बाई, तुझा पैसा भलत्या दरात जिरतोय.

सगळ्यात आधी कार्डवाल्या बँकेलाच फोन कर. "माझी सगळी थकबाकी हप्त्यांत करून द्या, दर किती पडेल?" एवढंच विचारायचं. पुष्कळदा तीच बँक निम्म्याहून कमी दरात हप्ते बांधून देते, कारण पैसे बुडण्यापेक्षा ते तिला परवडतं. यात नवीन कागदपत्रं फारशी लागत नाहीत. फक्त लक्षात ठेव, ते कार्डावरचंच कर्ज राहतं, त्यामुळे हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी चालूच असतो. पर्सनल लोनच्या किंवा सोनेतारणाच्या व्याजावर जीएसटी नसतो, तो फक्त त्यांच्या फीवर. दोन दर शेजारी ठेवून बघताना हे धरायचं.

दुसरी वाट बॅलन्स ट्रान्सफरची, म्हणजे एका बँकेच्या कार्डावरचं कर्ज दुसऱ्या बँकेच्या कार्डावर न्यायचं. नवी बँक काही महिने कमी व्याज लावते आणि आधीच एक फी घेते. त्या महिन्यांत फिटलं तर उत्तम, नाही फिटलं तर उरलेल्यावर पुन्हा तेच शेकडा साडेतीन. हिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच मी तोंडावर आपटले.

पंचेचाळीस हजार मी असेच सहा महिन्यांसाठी हलवले. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! जुन्या कार्डावर शून्य. मेसेज आला, तुमची लिमिट पूर्ण उपलब्ध आहे. दिवाळी तोंडावर होती. आधी वॉशिंग मशीन, मग नणंदेची पैठणी, मग 'एवढं घेतलंच आहे तर' म्हणून मिक्सर. सहा महिन्यांनी माझ्याकडे एकाऐवजी दोन भरलेली कार्डं होती. घरात पाणी शिरलं तर आधी नळ बंद करतात की आधी फरशी पुसतात? मी फरशी लख्ख पुसली आणि नळ मोठा केला. त्यात आणखी एक गंमत मला फार उशिरा कळली. कार्डावर मागची बाकी असली की नव्या खरेदीला ती बिनव्याजी पन्नासेक दिवसांची सवलत मिळतच नाही. घेतल्या दिवसापासून व्याज. म्हणजे नणंदेनं पैठणीची घडी मोडायच्या आधीच तिच्यावर व्याज चढायला लागलं होतं.

म्हणून तू ही वाट धरूच नकोस, असं माझं मत. तुझं दुसरं कार्ड नाही, ते बरंच आहे.

तुला पर्सनल लोन बसेल. पुण्याच्या त्याच कंपनीचं काम तू घरून करतेस, पगार कमी असला तरी खात्यात येतो. तुझं पगाराचं खातं आहे त्या बँकेत आधी विचार. बँक असो की फायनान्स कंपनी, १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाबरोबर मुख्य तथ्यांचा एक कागद द्यावाच लागतो, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यावर एपीआर म्हणून आकडा असतो. व्याज, फी सगळं धरून सालाला पडणारा खरा दर तो. जाहिरातीतला आकडा सोड, हा बघ. मराठीत मागायला लाजू नकोस. आणि मधे जास्तीचे पैसे भरले तर दंड लागतो का, हे सहीआधी विचारून घे. सहीनंतर विचारलेल्या प्रश्नांना चहा मिळतो, उत्तर मिळत नाही.

पतसंस्थेत गेलीस तर एकच प्रश्न: व्याज फ्लॅट की घटत्या शिलकीवर? फ्लॅट दहा टक्के ऐकून हुरळायचं नाही. ऐंशी हजारांवर दोन वर्षांचे सोळा हजार व्याज आधीच मांडतात आणि चार हजारांचा हप्ता पाडतात. तू हप्त्या-हप्त्यानं मुद्दल परत करत जातेस, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ऐंशी हजारांवर देतेस. घटत्या शिलकीवर तेच जवळपास अठरा टक्के पडतं. तरी कार्डापेक्षा कितीतरी बरं, हेही खरं. चारच हजार, पण चोवीस महिन्यांत मोकळी.

आता सोन्याचं. तू म्हणालीस, "ताई, सोनं गहाण ठेवायचं म्हणजे…" आणि पुढे बोललीच नाहीस. कळतं गं. माझं कर्ज शेवटी सासूबाईंच्या पाटल्यांनीच फिटलं. बँकेच्या सोनेतारणाचा दर कार्डाच्या पाव भागाच्या आसपास असतो. खडे वगळून निव्वळ सोन्याचं वजन धरतात आणि किमतीच्या ठरावीक भागापर्यंत पैसे देतात. आपल्यासारख्यांना ते सोयीचं एका कारणानं. कार्ड महिन्याच्या तारखेवर चालतं आणि शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो हंगामावर. सोयाबीनचा दिवाळीच्या आगेमागे, कापसाचा वेचणी-वेचणीनं, तुरीचा संक्रांतीनंतर. सोनेतारणात बहुतेक ठिकाणी वर्षभरात केव्हाही रक्कम भरून सोनं सोडवता येतं. पण मुदत गेली तर आधी नोटीस आणि मग लिलाव, हेही तितकंच खरं. तेव्हा येणाऱ्या पिकातून नक्की किती उरणार हे नवऱ्याशी बसून ठरल्याशिवाय डोरल्याला हात लावायचा नाही. पाटल्या नऊ महिने बँकेत होत्या. सासूबाईंनी एकदाही आठवण करून दिली नाही. फक्त कुठल्या लग्नाला निघालो की स्वतःच्या रिकाम्या मनगटाकडे एकदा बघून घ्यायच्या. तेवढं पुरायचं.

बचत गटातून मिळत असेल तर तेही बघ. महिला गटांना बँकेकडून तीन लाखांपर्यंतचं कर्ज सालाला सात टक्क्यांनी मिळायची सोय आहे. गटाच्या आतल्या उसनवारीचा दर मात्र गट ठरवतो, शेकडा एक, कुठे दोन. शेकडा दोन म्हणजे सालाला चोवीस, तरी बेचाळीसच्या निम्म्याजवळ. फक्त गटात खोटं कारण लिहू नकोस. कामरगाव केवढंसं! शनिवारी लिहिलेलं सोमवारी पिठाच्या गिरणीवर चर्चेला असतं.

एक दार मात्र पक्कं बंद. पीककर्ज. तुझा नवरा भला माणूस आहे, ऐकलं की लगेच म्हणेल, "सोसायटीचे पैसे उचलू अन् भरून टाकू." हो म्हणू नकोस. मुदतीत फेडलं तर आपल्या पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. एवढा स्वस्त पैसा घरात दुसरा नाही, आणि तो बियाण्याखताचा आहे. तो पुण्याच्या जुन्या खरेदीत घातला आणि मृगाच्या तोंडावर खत उधारीवर आणायची वेळ आली, की कृषी केंद्रवाल्याचा दर वेगळा आणि मुदत चुकली तर सवलतही गेली.

आता ज्याला तू सगळ्यात घाबरतेस ते. नवऱ्याला सांगणं. मी नाही सांगितलं, मांजरीनं सांगितलं, आणि तो प्रकार काही शोभेचा झाला नाही. रागावेल, एक दिवस बोलणार नाही, आईकडे जेवायला बसेल. बसू दे. पण "माझ्याकडून चूक झाली" एवढंच बोलून थांबू नकोस, वहीचं पान पुढे ठेव. आज शेकडा साडेतीन आहे, हे असं केलं तर शेकडा सव्वापेक्षा कमी पडतं, हप्ता इतका, शेवटचा अमुक महिन्यात. पुरुषांना रडण्यापुढे काय करावं कळत नाही, आकड्यांपुढे कळतं. निदान माझ्या नवऱ्याचं तसं आहे.

मधल्या काळात फोन येतील. "तुमचं कार्डाचं कर्ज अर्ध्या व्याजात करून देतो, आधी फी भरा" किंवा "ओटीपी सांगा" म्हणणारा कुणीही असो, ठेवून दे. स्वतः बँकेत जाऊन विचार. मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या अनोळखी अॅपांच्या नादी तर स्वप्नातही लागू नकोस. दुसरे फोन सेटलमेंटचे: "पन्नास हजार भरा, बाकी सोडतो." मोह होतो. पण मग सिबिलच्या नोंदीत खातं 'बंद' न दिसता 'सेटल्ड' दिसतं, आणि पुढे घराचं कर्ज मागायला गेलीस की ते वर्षानुवर्षं आडवं येतं. तुझ्यासारखी हप्ता भरू शकणारी बाई त्या रांगेत उभीच राहायला नको. हप्ता थकलाच कधी, तर वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नसतो, हे त्यांना ऐकव. सासऱ्यांना, शेजाऱ्यांना फोन करून बदनामी करणंही चालत नाही. बँकेकडे लेखी तक्रार दे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. १४४४८ वर माहितीही मिळते.

नवं कर्ज हातात आलं की त्याच दिवशी कार्ड पूर्ण भर. त्याच दिवशी! "दोन दिवस खात्यात राहू दे" म्हटलं की त्यातून कुणाच्या तरी बारशाचा आहेर निघतो. शेवटचं व्याज पुढच्या बिलात मागाहून येतं, शंभर-दोनशे रुपये का असेना, तेही भर आणि मग कार्ड बंद करायचा लेखी अर्ज टाक. बाकी काही उरलेली नसेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये तुला द्यायचे, असा २०२२ चा नियम आहे. बंद केल्याचं पत्र जपून ठेव. कणगीमागे नाही, कपाटात. दोनेक महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून बघ, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

"पण ताई, अडीनडीला एक कार्ड असू दे ना." हे तू विचारणारच, कारण मीही विचारलं होतं. असू दे, पण दोन वर्षांनी, हे फिटल्यावर, आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरायची सवय लागल्यावर. तोवर अडीनडीसाठी पाचशे-पाचशे वेगळे टाक. माझं कार्ड मी अडकित्त्यानं कापलं. कात्री चालली असती गं, पण अडकित्त्याला जो आवाज येतो ना, कट्टकन, तो मला हवा होता.

सोमवारी ये कारंजाला. आधार, पॅन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या चिठ्ठ्या, कार्डाची शेवटची तीन बिलं आणि दोन फोटो. दोन-तीन ठिकाणी फिरून दर विचारू, सही मात्र त्या दिवशी कुठेच करायची नाही. कागद घरी नेऊन नवऱ्याला वाचायला द्यायचे. जेवण माझ्याकडे, बाळालाही आण. आणि बघ, घरी खरं सांगून निघ. मागच्या वेळेसारखी 'ताईकडे लोणचं घालायला जाते' ही थाप नको. तुझ्या नवऱ्यानं आठवड्यानं मला फोन करून विचारलं होतं, वहिनी, ती बरणी कधी येणार म्हणून, आणि मला बाजारातून कैऱ्या आणून रात्री अकरा वाजता फोडी करत बसावं लागलं होतं.